परदेशच्या प्रवासांतील कॅमेरा व त्याचें ओझें

आमच्या नवव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्याच्या घरचीं मंडळी यंदा दिवाळीच्या सुटींत इटलीस जाणार आहेत. गेल्या महिन्यांत तो व त्याचे वडील मजकडे येऊन गेले. प्रश्न एकच होता: "सर, बरोबर भिंगें किती घ्यावयाचीं?" दुकानदारानें त्यांस तीन भिंगें, एक तिपाई व एक फ्लॅश अशी यादी लिहून दिली होती. ती यादी पाहतांच माझ्या खांद्यांतील जुनी कळ पुन्हां जागी झाली. त्या वेळीं मीं त्यांस जें सांगितलें तेंच येथें जरा विस्तारानें लिहीत आहें. कारण हा प्रश्न आतां पुष्कळ घरांतून निघूं लागला आहे. भिंग म्हणजे ज्यास आपण सर्व लेन्स म्हणतों तें, हें सांगावयास नकोच.

२०११ सालीं मी, माझी पत्नी, माझी आई व माझी पुतणी अशीं चौघें रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस हीं शहरें पाहावयास गेलों होतों. त्या वेळीं मजजवळ या यादीसारखाच सर्व सरंजाम होता. कॅमेऱ्याचें धड सुमारें ९०० ग्रॅम, २४ ते ७० मिलिमीटरचें भिंग जवळजवळ तितक्याच वजनाचें, ७० ते २०० मिलिमीटरचें दीड किलोचें, आणि त्यावर तिपाई, फ्लॅश व चार्जर. एकूण वजन साडेपांच किलोंच्या आंतबाहेर. फ्लॉरेन्स येथील कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीनें १४२० ते १४३६ या काळांत बांधला. त्यावर जाण्यास ४६३ पायऱ्या आहेत व लिफ्ट नाहीं. आपल्या पर्वतीस १०३ पायऱ्या आहेत, यावरून वाचकांनीं कल्पना करावी. आईला चढणें शक्य नव्हतें. तेव्हां मीं पिशवी तिच्या हवालीं केली, कॅमेरा गळ्यांत व एक भिंग खिशांत घातलें, आणि आम्ही तिघें वर गेलों. दीड तासानें खालीं येऊन पाहतों तों ती पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून त्याच जागीं बसलेली. खिसेकापूंचें भय मींच तिला घालून दिलें होतें, म्हणून ती जागेवरून हालली नव्हती. पलीकडे थोड्याच पावलांवर बाप्तिस्मागृहाचीं तीं प्रसिद्ध सोनेरी दारें होतीं. तीं तिनें पाहिलीं नाहींत. पुढें आम्हांस गाडी गांठावयाची होती.

आई २०१४ सालीं वारली. त्या प्रवासाचीं चित्रें आतां उघडून पाहिलीं म्हणजे घुमट, पुतळे, पूल हे सर्व रेखीव आलेले दिसतात. आई मात्र थोड्याच चित्रांत आहे, तीही पाठमोरी किंवा कोपऱ्यांत. तिचें जें एक चांगलें चित्र आमच्या भिंतीवर आहे, तें माझ्या पुतणीनें आपल्या खिशांतील लहान कॅमेऱ्यानें काढलेलें आहे. रोमच्या रस्त्यांत ठिकठिकाणीं ओतीव लोखंडाचे बुटके खांब असून त्यांच्या वांकड्या नळींतून पिण्याचें पाणी अखंड वाहत असतें. नळीच्या आकारावरून तेथील लोक अशा खांबास 'मोठें नाक' या अर्थाच्या नांवानें ओळखतात. अशा एका नळीखालीं आईनें ओंजळ धरली आहे, आणि पाणी कोपरापर्यंत ओघळल्यामुळें ती हंसत आहे. त्या क्षणीं मी पिशवी उघडून भिंग बदलीत होतों.

हें सांगितल्यावर त्या विद्यार्थ्यानें विचारलें, "पण सर, भिंग इतकें जड असतेंच कशाला?" प्रश्न योग्य आहे, व त्याचें उत्तर समजलें म्हणजे निम्मी निवड आपोआप होते. भिंगावर दोन आंकडे लिहिलेले असतात. पहिला, उदाहरणार्थ ५० मिलिमीटर, हें त्याचें नाभीय अंतर. त्यावरून किती रुंद देखावा चित्रांत मावेल तें ठरतें. दुसरा, उदाहरणार्थ एफ २.८, हा प्रकाश आंत येण्याच्या छिद्राचा आंकडा. नाभीय अंतरास या आंकड्यानें भागलें म्हणजे छिद्राचा व्यास निघतो. अर्थात् हा आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें. आतां २०० मिलिमीटर व एफ २.८ असें भिंग घ्या. भागाकार सुमारें ७१ मिलिमीटर येतो. म्हणजे पुढची कांच निदान इतक्या व्यासाची हवीच, व तिच्यामागें आणखी कांचांची रांग हवी. कारखानदारानें कितीही चातुर्य लढविलें तरी हा भागाकार कोणास चुकत नाहीं.

मात्र कॅमेऱ्याच्या पोटांत प्रकाश टिपणारा जो सेन्सर असतो तोच लहान केला, तर तोच देखावा कमी नाभीय अंतराच्या भिंगानें टिपतां येतो. मोठ्या जातीचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. २००८ सालीं ऑलिंपस व पॅनासॉनिक या कंपन्यांनीं मिळून जी पद्धति जाहीर केली तींत तो १७.३ बाय १३ मिलिमीटर इतकाच आहे. तेथें १०० मिलिमीटरचें भिंग २०० चें काम देतें, व छिद्राचा व्यास ७१ ऐवजीं ३६ मिलिमीटर पुरतो. म्हणून मोठ्या जातीचें ७० ते २०० चें भिंग दीड किलोचें, तर या लहान जातीचें ३५ ते १०० चें सुमारें ३६० ग्रॅमचेंच. अर्थात् फुकट कांहींच मिळत नाहीं. लहान सेन्सरचें क्षेत्रफळ मोठ्याच्या जवळजवळ चौथाई असल्यामुळें त्यास प्रकाशही तितकाच कमी मिळतो, व अंधाऱ्या जागीं चित्र रवाळ दिसूं लागतें. उन्हांत काढलेल्या व पोस्टकार्डाएवढ्या छापलेल्या चित्रांत हा फरक शोधूनही सांपडणें कठीण.

खरें पाहतां लहान कॅमेऱ्याची कथाच ओझ्याच्या त्रासांतून निघाली आहे. जर्मनींत वेट्झलार येथें लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा यंत्रज्ञ होता. त्यास दम्याचा विकार असे, आणि त्या काळचा अवजड कॅमेरा व कांचेचीं तावदानें घेऊन हिंडणें त्यास झेपेना. म्हणून सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरून, तिच्या दोन चौकटींत एक चित्र बसेल असा लहान कॅमेरा त्यानें १९१४ च्या सुमारास तयार केला. १९२५ सालीं तो लायका या नांवानें लाइपझिगच्या जत्रेंत लोकांपुढें आला, व ३६ बाय २४ हें वर सांगितलेलें माप तेथूनच रूढ झालें. असाच कॅमेरा व बहुधा एकच ५० मिलिमीटरचें भिंग घेऊन फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ जगभर हिंडला. १९४७-४८ सालीं तो हिंदुस्थानांत होता. महात्माजींच्या अखेरच्या दिवसांचीं त्यानें काढलेलीं चित्रें प्रसिद्धच आहेत.

एका भिंगानें काम कसें भागतें, असें वडिलांनीं विचारलें. त्याचें उत्तर पुन्हां फ्लॉरेन्सच्या त्याच चौकांत आहे. घुमट बांधावयास घेण्याच्या सुमारास ब्रुनेलेस्कीनें कॅथेड्रलच्या दारांत उभें राहून समोरच्या बाप्तिस्मागृहाचें एक लहान चित्र रंगविलें व त्यास छिद्र पाडलें. पाहणाऱ्यानें चित्राच्या पाठीकडून त्या छिद्रास डोळा लावावयाचा, व समोर धरलेल्या आरशांत चित्राचें प्रतिबिंब पाहावयाचें. डोळा त्या ठरलेल्या जागीं असला म्हणजे रंगविलेली इमारत व खरी इमारत यांचा मेळ बसे. जवळच्या व दूरच्या वस्तूंचें परस्परांशीं प्रमाण पाहणाऱ्याच्या जागेवरून ठरतें, ही गोष्ट यांत उघड होते. भिंगास तें प्रमाण बदलतां येत नाहीं. समोरच्या दृश्याचा लहान किंवा मोठा तुकडा कापून घेणें एवढेंच त्याचें काम. प्रमाण बदलावयाचें तर चार पावलें पुढें किंवा मागें गेलें पाहिजे. साडेपांच किलो खांद्यावर असले म्हणजे मनुष्य तीं चार पावलें टाकण्याचा कंटाळा करतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आपणांस कोणतें भिंग लागतें हें कळण्याचा एक सोपा मार्ग सांगतों. मागील एखाद्या सहलीचीं चित्रें संगणकावर उघडावीं. प्रत्येक चित्राबरोबर त्याचें नाभीय अंतर नोंदलेलें असतें. माझीं २०११ चीं चित्रें मीं अशीं तपासलीं, तेव्हां त्यांतील बहुतेक २८ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यानचीं निघालीं. दीड किलोचें तें भिंग कबुतरांच्या कामीं मात्र आलें होतें.

पुढें २०१८ सालीं मी व पत्नी त्याच शहरांस पुन्हां गेलों. त्या वेळीं बरोबर लहान जातीचें ४०० ग्रॅमचें धड, १७ मिलिमीटरचें १२० ग्रॅमचें भिंग व ४५ मिलिमीटरचें ११६ ग्रॅमचें भिंग इतकेंच होतें. सर्व मिळून साडेसहाशे ग्रॅमच्या आंत. मोठ्या जातीच्या हिशेबानें हीं ३४ व ९० मिलिमीटरचीं भिंगें होतात. पहिल्यांत सुमारें ६५ अंशांचा देखावा येतो: गल्ली, जेवणाचें टेबल, आगगाडीचा डबा. दुसऱ्यांत सुमारें २७ अंशांचा: मनुष्याचा चेहरा, छपराच्या कांठावरची मूर्ति, व्हेनिसच्या पाण्यापलीकडील सान जॉर्जोचें देवालय. दोहोंचें छिद्र एफ १.८ आहे, आणि याच कारणास्तव मीं तीं निवडलीं. नोव्हेंबरच्या आरंभीं रोममध्यें पांचच्या सुमारास सूर्य मावळतो, व चर्चच्या आंत तर भर दुपारींही मंद प्रकाश असतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारें नेहमींचें झूम भिंग दूरच्या टोकास एफ ५.६ असतें. हिशेब केल्यास एफ १.८ च्या छिद्रांतून त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश येतो. जें चित्र सेकंदाच्या साठाव्या भागांत उमटेल, त्यास त्या झूम भिंगानें सेकंदाचा सहावा भाग लागेल, आणि तेवढ्या वेळांत समोरचा मनुष्य हालला कीं चेहरा पुसट झालाच. हात स्थिर ठेवण्याची युक्ति आतां कॅमेऱ्यांतच असते खरी, पण ती समोरच्या मनुष्यास स्थिर करीत नाहीं.

ज्यांस भिंग बदलणें त्रासाचें वाटतें त्यांनीं याच जातीचें १४ ते १५० मिलिमीटरचें, सुमारें २८५ ग्रॅमचें एकच झूम भिंग न्यावें. डोंगर, सरोवरें व उघडीं मैदानें पाहावयाचीं असतील तर तें उत्तम. देवालयांत मात्र तें हिरमोड करील. आणि फोनकडे पाहून नाक मुरडण्याचेंही कारण नाहीं. रुंद देखाव्यापुरता आजचा चांगला फोन पुरेसा आहे, म्हणूनच मीं फार रुंद भिंग मुद्दाम विकत घेत नाहीं. रोमच्या पँथिऑनचा घुमट ४३.३ मीटर व्यासाचा, व तितकाच जमिनीपासून उंच. तो सबंध मावावा म्हणून लोक महागडीं भिंगें नेतात. माझ्या मतें तो सबंध घेण्याचा हट्टच धरूं नये. वरच्या गोल झरोक्यांतून उन्हाचें एक तेजस्वी वर्तुळ भिंतीवर पडतें व हळूहळू सरकत जातें. त्याच्या कडेला आपलें माणूस उभें करून चित्र घ्यावें.

कांहीं ठिकाणीं तर प्रश्नच मिटलेला असतो. व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलमध्यें छायाचित्र काढण्यास मुळींच परवानगी नाहीं. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयांत चित्रें काढूं देतात, पण फ्लॅश व तिपाई चालत नाहीं. दुकानदाराच्या यादींतील दोन जिनसा येथेंच गळाल्या.

पालकांसाठीं दोन शब्द. नवा कॅमेरा निघण्याच्या आदल्या दिवशीं घेऊं नये. महिनाभर आधीं घ्यावा. चांगल्या स्थितींतील जुना मिळाला तर तोही चालेल, कारण भिंगें लवकर जुनीं होत नाहींत. जादा बॅटऱ्या विमानांत हातांतील सामानांतच ठेवाव्या लागतात. सोपवावयाच्या पेटींत त्या ठेवण्यास मनाई आहे. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असें लिहिलेलें असेल तर निराळें यंत्र नको. आपल्या दोन गोल खिळ्यांची पिन इटलींत बहुधा बसते. आणि सर्व सामान पिशवींत भरून एका रविवारीं पर्वती चार वेळां चढून उतरावी. मग जें घरीं ठेवावेंसें वाटेल तें घरींच ठेवावें.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं तिपाई, फ्लॅश व तिसरें भिंग माझ्यासमोरच खोडलें. त्यांच्याबरोबर मुलाची आजीही जाणार आहेत, हें मला निघतांना कळलें. तेव्हां मुलास मीं सांगितलें कीं, सराव म्हणून रोज संध्याकाळीं घरांतल्या दिव्याच्या उजेडांत आजीचीं चित्रें काढ. पहिल्या आठवड्याचीं सर्व हाललेलीं व काळवंडलेलीं आलीं. दुसऱ्या आठवड्यास त्यानें जीं आणलीं, त्यांत आजी तांदूळ निवडीत बसल्या आहेत, आणि त्यांच्या बोटांतला खडाही स्पष्ट दिसतो.