शब्दांचा प्रवास : शिक्षा

केंद्र सरकारने २०१८ मध्ये शालेय शिक्षणाच्या योजना एकत्र केल्या आणि त्यांना 'समग्र शिक्षा' असे नाव दिले. हिंदी भाषकाला त्यात काहीच वावगे वाटत नाही. मराठी माणूस मात्र हे नाव वाचताना क्षणभर अडखळतो. आपल्याकडे शिक्षण घेतात. शिक्षा भोगावी लागते.

या शब्दाने भारतीय भाषांची दोन गटांत वाटणी केली आहे. हिंदी, बंगाली, ओडिया, असमिया आणि नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठी, कन्नड, तेलुगू आणि मलयाळममध्ये शिक्षा म्हणजे दंड. गुजरातीत दोन्ही अर्थ नांदतात.

मुळात या शब्दात दंडाचा मागमूस नाही. भाषाशास्त्रज्ञ 'शिक्ष्' हे 'शक्' धातूचे इच्छार्थक रूप मानतात. 'लभ्'पासून लिप्सा आणि 'आप्'पासून ईप्सा, तशी 'शक्'पासून शिक्षा. 'शक्ती' आणि 'शक्य' हे शब्दही याच धातूचे. म्हणजे शिक्षा ही समर्थ होण्याची इच्छा, आणि ती शिकणाऱ्याच्या मनात उपजते. सहा वेदांगांत 'शिक्षा' हे उच्चारशास्त्र आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान असे त्याचे विषय सांगितले आहेत.

पालीत हाच शब्द 'सिक्खा' झाला. पंचशील ग्रहण करताना प्रत्येक शीलाबरोबर 'सिक्खापद' हा शब्द उच्चारला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या लाखो घरांत तो रुळला आहे. सिक्खापद म्हणजे आचरणाचा नियम. तो कुणी लादत नाही, आपण होऊन घ्यायचा असतो. मूळ अर्थाच्या इतका जवळ राहिलेला वापर आज क्वचितच आढळेल.

मग दंड आला कुठून? शेजारच्या 'शास्' धातूकडे पाहिले की वाट दिसते. शिकवणे आणि ताब्यात ठेवणे, दोन्ही 'शास्'च्या अर्थात येतात. शास्त्र, शिष्य, अनुशासन आणि शासन हे सगळे त्याचेच. बंगालीत दंडाला 'शास्ति' म्हणतात तोही. गुरूचा उपदेश आणि गुरूचा धाक पूर्वी वेगळे मानले जात नव्हते. शिकवणे, वळण लावणे, चुकल्यास ताडन करणे, अशा पायऱ्यांनी 'शिक्षा' दंडापर्यंत पोचली असावी. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षणच, तरी 'उचित शिक्षा देणे' म्हणजे अद्दल घडवणे. आपणही कुणाला 'चांगला धडा शिकवतो', तेव्हा पुस्तक उघडत नाही.

मराठीने दंडासाठी 'शिक्षा' आणि विद्येसाठी 'शिक्षण' अशी विभागणी केली. ती सोयीची आहे, पण शिकण्यात मार गृहीत धरणाऱ्या जुन्या समजुतीची खूणही तिच्यात उरली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. भाषेने वेगळे केलेले दोन अर्थ वर्गातही वेगळे राहिले पाहिजेत. समर्थ होण्याची इच्छा धाकाने उपजत नाही; ती मुलात असतेच, शिक्षकाने तिला बळ द्यायचे असते.

पुढच्या आठवड्यात : 'उपन्यास'. हिंदीत कादंबरी, कन्नडमध्ये व्याख्यान.