पाहुण्यांपूर्वी मोरीकडे लक्ष

दिवाळी जवळ आली की घराघरांत रंगसफेदी होते, फराळाचे डबे भरू लागतात, माहेरवाशिणींसाठी खोल्या सज्ज होतात. दुकानात वहीपूजनाची तयारी सुरू असते. या लगबगीत मोरीकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. आणि नेमकी तीच ऐन सणात तुंबते, जेव्हा प्लंबरही आपल्या गावी गेलेला असतो.

बाजारपेठेतील अनेक कुटुंबांत खाली दुकान व वर घर अशी रचना असते. तेथे न्हाणीघरातून झिरपणारे पाणी थेट खालच्या मालावर उतरते. कापडाचे ठाण असो वा धान्याचे पोते, एका रात्रीच्या ओलीने ते विक्रीयोग्य राहत नाही. म्हणून ही बाब केवळ गैरसोयीची नव्हे, नुकसानीचीही आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब मांडावा. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर पुरतात. दहा पाहुणे आले की गरज २,०२५ लिटरवर जाते. हजार लिटरची टाकी दोनदा भरूनही थोडी कमीच पडते. शिवाय ही गरज दिवसभर सारखी नसते. वीरनिर्वाणाच्या पहाटे मंदिरात जायचे म्हणून सर्वांची स्नाने तासाभरात उरकतात, तर सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की सारी भांडी एकदमच घासायला पडतात. मोरीवर भार येतो तो याच दोन वेळी.

अभ्यंगस्नानाचे तेल, उटण्याचा चुरा आणि गळलेले केस एकत्र आले की नळीत घट्ट बोळा तयार होतो. न्हाणीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवून ती रोज साफ करावी. स्वयंपाकघरात तूप आणि बेसन हे खरे शत्रू. गरम पाणी ओतल्याने तूप वितळते, पण पुढे थंड नळीत पुन्हा थिजते. अडथळा नाहीसा होत नाही, फक्त हाताबाहेर जातो. म्हणून कढई आधी रद्दी कागदाने पुसावी, मगच घासावी. ताटात उष्टे न टाकण्याचा संस्कार येथेही उपयोगी पडतो. जे ताटात उरत नाही, ते मोरीत जात नाही.

पाहुण्यांचे न्हाणीघर अनेक महिने बंद असेल, तर त्याच्या ट्रॅपमधील पाणी आटलेले असते. हे पाणीच गटारातील दुर्गंधी व झुरळे अडवते. तेव्हा आठवडाभर आधी तेथे दोन तांबे पाणी ओतावे आणि बेसिनचा नळही काही वेळ सोडून पाहावा. पाणी सावकाश ओसरत असेल, तर नळी तेव्हाच साफ करून घ्यावी. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास थांबावे. फ्लश न करताच रंग भांड्यात उतरला, तर टाकी गळते आहे. जैन दर्शनात पाणी हेच अप्कायिक जीवांचे शरीर मानले आहे. मग गळती तशीच राहू देणे कसे शोभेल?

तुंबलेल्या नळीत ॲसिड ओतण्याची घाई करू नये. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. त्याने बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकते, आणि नळीतील सूक्ष्म जीवांची हिंसा होते ती वेगळीच. हाताच्या रबरी पंपाने बहुतेक साधे अडथळे निघतात.

घरातील मुख्य कॉक कोठे आहे आणि तो सहज फिरतो की नाही, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावे. नळी फुटल्यास पहिल्या दोन मिनिटांत तो बंद झाला, तर खालचा माल वाचतो. शौचालयात कचऱ्याची झाकणाची बादली ठेवावी. सॅनिटरी पॅड व ओले पुसणे कमोडमध्ये न टाकण्याची विनंती घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने पाहुण्यांना आधीच, गोड शब्दांत करावी. यात संकोचाचे काही नाही.

अतिथी तृप्त होऊन परततो, तेव्हा त्याला पक्वान्ने आठवतात. मोरीची आठवण कोणालाच राहू नये, हेच यजमानाच्या दक्षतेचे यश.