पत्रे, पडदे आणि न दिसणारी धूळ

२५ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबई महापालिकेने बांधकामांच्या धुळीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, चढत्या मजल्यांना हिरवे कापड, फाटकाशी डंपरची चाके धुण्याची सोय, पाडकाम चालू असताना पाण्याचा मारा, साइटवर हवा मोजणारा सेन्सर, अशी ती लांबलचक यादी होती. त्यातले नजरेत भरतात ते पत्रे आणि कापड. त्यामुळे पुनर्विकासाच्या शेजारी राहणाऱ्यांचा समज सहज होतो की साइट झाकली म्हणजे धूळ अडली.

पत्रा निरुपयोगी नाही. तो जमिनीलगतचा वारा मोडतो आणि वाळू-खडीच्या ढिगांवरून उडणारे जाडे कण आवारातच पाडतो. पण दहा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका, दगडाचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम पाऊण सेंटिमीटर खाली येतो. दहाव्या मजल्यावरून, म्हणजे तीस मीटरवरून, जमिनीला टेकायला त्याला तासाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ताशी सात किलोमीटरची झुळूकही त्याला सात किलोमीटरवर पोचवू शकते. अडीच मायक्रॉनच्या कणाला याच्या सोळापट वेळ लागेल. अशा कणाला ३५ फुटी पत्र्याचा धाक कसला? विरळ विणीचे कापड जाडी धूळ आणि पडणारे तुकडे थोपवते, बारीक धूळ त्यातून गाळली जाते असे नाही.

दुसरा समज पाण्याबद्दलचा आहे. ‘टँकर आला, पाणी मारले, धूळ बसली’ हे खरे असते ते पाणी वाळेपर्यंत, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते फार वेळ टिकत नाही. पाणी जास्त झाले की चिखल होतो, तो डंपरच्या चाकांना चिकटून फाटकाबाहेर जातो, डांबरावर वाळतो आणि पुढचा दिवसभर बेस्टच्या बसपासून रिक्षापर्यंत प्रत्येक वाहन त्याची पूड करून ती हवेत उडवत राहते. साइटच्या आत एक कणही उडत नसताना साइटची धूळ शेजारच्या रस्त्यावर तयार होत असते. म्हणून यादीत कोणाच्या फारशी नजरेत न भरणारी चाके धुण्याची सोय पत्र्यांपेक्षा मोलाची ठरते. अर्थात तिथे पाण्याचा दाब हवा, गाळ साठवायला टाकी हवी आणि ती वेळच्या वेळी उपसणारा माणूस हवा.

तोफेसारखे दिसणारे धुके फवारणी यंत्र पाहून तर धुळीचा बंदोबस्तच झाला असे वाटते. त्याचे गणित मात्र थेंबाच्या आकारावर चालते. मोठा थेंब हवेतून जाताना पुढची हवा बाजूला सारतो आणि बारीक कण त्या हवेबरोबर थेंबाला वळसा घालून निसटतो. थेंब धुळीच्या कणाच्या जवळपास आकाराचा असेल तरच टक्कर होण्याची शक्यता वाढते. म्हणजे यंत्र हवे तिथे हवे: ब्रेकर भिंत फोडतो त्या टोकाशी, राडारोडा डंपरमध्ये ओततात त्या ढिगाशी. फाटकापाशी आकाशाकडे तोंड करून ठेवलेले यंत्र फोटोला बरे दिसते.

आता मोजमापाकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे. ‘सेन्सरचा आकडा कमी आहे, म्हणजे साइट स्वच्छ आहे’ हे वाक्य बिल्डरच्या माणसाकडून ऐकायला मिळते. ते खोटे नसले तरी अपुरे असते. तोडण्या-फोडण्यातून आणि खोदकामातून उडणारी धूळ वजनाने बहुतांशी जाडी असते, म्हणजे ती पीएम १० मध्ये (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या मापात) मोडते. पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, मोठा वाटा ज्वलनातून येतो. साइटवर तो मुख्यतः डिझेल जनरेटर आणि यंत्रांमधून निघतो. केवळ पीएम २.५ दाखवणारा फलक लावला तर कोणतीही साइट बरीचशी निर्दोष दिसेल. त्यात स्वस्त सेन्सर लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो यावरून अंदाज बांधतात आणि जाडे कण मोजण्यात कच्चे असतात. उलट दमट हवेत किंवा धुके फवारणी यंत्राच्या शेजारी ते पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजतात. म्हणून असे सेन्सर लावू नयेत असे नाही. कण फिल्टरवर गोळा करून वजन करणाऱ्या किंवा बीटा किरणांवर चालणाऱ्या प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून अधूनमधून त्यांची पारख करावी लागते, इतकेच.

सेन्सर लावायचा कुठे, हाही प्रश्न आहे. फाटकावर एकच यंत्र असेल तर आकडा साइटचा की हमरस्त्याचा हे कळायला मार्ग नाही. वारा येतो त्या बाजूला एक आणि जातो त्या बाजूला एक अशी दोन यंत्रे असली तर दोन्ही आकड्यांतला फरक साधारणपणे साइटचा वाटा सांगतो. मुंबईत यात एक गंमत आहे. हिवाळ्यात दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री-पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो. सकाळी साइटच्या पश्चिमेची सोसायटी धूळ खाते, दुपारनंतर पूर्वेची. ‘मुंबईला समुद्र आहे, वारा सगळे वाहून नेतो’ म्हणणाऱ्यांनी हा वारा परत कुठे येतो तेही पाहावे.

सरासरीचा पडदा तर हिरव्या कापडापेक्षा दाट आहे. आपला हवा गुणवत्ता निर्देशांक कणांसाठी २४ तासांची सरासरी धरतो आणि पीएम १० चे मानक आहे घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. समजा, साइटलगतच्या खिडकीशी पाडकामाच्या एका तासात ५०० मायक्रोग्रॅम धूळ होती आणि उरलेले २३ तास ८०. दिवसाची सरासरी येते ९७.५, आणि निर्देशांकाच्या भाषेत तो दिवस ‘समाधानकारक’. त्या तासात खिडकी उघडी ठेवणाऱ्या आजींना हे कसे समजावणार? लंडनमध्ये बांधकामांसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शनात म्हणूनच तासाची सरासरी पाहतात. पीएम १० ने तासाला १९० मायक्रोग्रॅम ओलांडले की कारण शोधायचे आणि उपाय करायचे. आपल्याकडे ३० डिसेंबर २०२४ रोजी भायखळा आणि बोरिवली पूर्वेतली बांधकामे थांबवण्याचा निर्णय झाला, तो निर्देशांक २०० च्या वर गेल्यामुळे. पाऊल कडक होते, यात वाद नाही. पण पीएम १० च्या हिशेबात २०० चा निर्देशांक म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, मानकाच्या अडीचपट. शिवाय अशा बंदीत नियम पाळणारा आणि न पाळणारा दोघेही एकाच काठीने हाकले जातात.

‘स्फोटाने पाडणे सर्वांत वाईट’ हा समज नोएडाच्या जुळ्या मनोऱ्यांनी घट्ट केला. २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी शंभरेक मीटर उंचीचे ते मनोरे काही सेकंदांत कोसळले आणि धुळीचा लोट देशभर दूरचित्रवाणीवर दिसला. काम मुंबईच्या एडिफिस कंपनीचे होते. पुढे ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल पाडायलाही हीच मंडळी होती. नोएडात शेजारच्या इमारती कापडाने झाकल्या, लोकांना बाहेर काढले, सगळ्यांना वेळ ठाऊक होती. त्यानंतर उरला अंदाजे ८०,००० टन राडारोडा. तो फोडणे, लोखंड वेगळे करणे, डंपर भरणे हे काम महिनोन्महिन्यांचे, आणि ते पाहायला कॅमेरे नसतात. एरवी आपल्या गल्लीतली चार मजली चाळ ब्रेकरने आठवडेच्या आठवडे फुटत असते. तिच्यासाठी कोणी घर रिकामे करत नाही.

उरला तो समज सर्वांत कमी बोलला जाणारा: इमारत उभी राहिली, कापड उतरले, आता धूळ संपली. प्रत्यक्षात फरशी आणि ओटा बसवण्याचे काम तेव्हाच सुरू होते. आपल्या खडीचा बेसाल्ट या बाबतीत त्यातल्या त्यात सौम्य आहे, त्यात मोकळी सिलिका फारशी नसते. वाळू, ग्रॅनाइट आणि विशेषतः कारखान्यात बनवलेला कृत्रिम क्वार्ट्झचा दगड यांचे तसे नाही. या कृत्रिम दगडात ९० टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झ असू शकतो. कोरड्या कटरने तो कापला की फुफ्फुसात खोलवर जाणारी सिलिकाची पूड उडते. तिच्यामुळे सिलिकोसिस होतो आणि कर्करोगाचे निश्चित कारण म्हणूनही ती नोंदलेली आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. इकडे कारागीर तोंडाला रुमाल बांधून गच्चीवर बसतो. रुमालाने असे कण अडत नाहीत. २०१८ ची केंद्राची अधिसूचना उघड्यावर कापणे-घासणे मना करते आणि ओल्या पद्धतीने काम करायला सांगते. पात्यावर पाण्याची बारीक धार सोडणारा कटर बाजारात मिळतो. ठेकेदाराला कामाची ऑर्डर देताना तो लेखी मागता येतो आणि काम चालू असताना गच्चीवर जाऊन पाहताही येतो.