रिक्त पदे, गळकी क्वार्टर्स आणि संसदेतला एक प्रश्न

संसदेचे अधिवेशन जवळ आले की आम्हा कारकुनांना ते वर्तमानपत्रांच्या आधी कळते. वरच्या कार्यालयातून फोन येतो, "संसदीय प्रश्न आहे, संध्याकाळपर्यंत माहिती हवी," आणि एरवी पेंगणारी टेबले खडबडून जागी होतात. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या केंद्रीय कार्यालयात होतो, तेथे असाच एक प्रश्न येऊन थडकला. मंजूर पदे किती, भरलेली किती, अनुसूचित जाती-जमातींचा अनुशेष किती आणि कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांची अवस्था काय?

बिंदुनामावलीची नोंदवही कपाटाच्या तळाशी सापडली. तिच्यातील शेवटची नोंद चार वर्षे जुनी होती. निवासस्थानांच्या फायलीत दुरुस्तीचे अंदाजपत्रक तीनदा वर गेले होते आणि 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन तीनदा परत आले होते. त्या क्वार्टर्समध्ये शिपाई आणि सफाई कामगार राहत. म्हणजे बहुतेक आपलीच माणसे. पावसाळ्यात घरोघर बादल्या मांडलेल्या असत. आम्ही पाहणीला गेलो तेव्हा एका मावशींनी विचारले, "भाऊ, दिल्लीहून कागद आलाय म्हणं. आता तरी स्लॅब गळायचा थांबंल का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पण दिल्लीचे सभागृह आणि मावशींच्या घरातली बादली यांचा संबंध काय, हे समाजबांधवांना आणि भगिनींना सांगितलेच पाहिजे, असे त्या दिवशी वाटले.

बाबासाहेब उत्तर देणाऱ्या बाकावर

बाबासाहेब राज्यघटनेचे शिल्पकार हे आपल्या घरातले पोरही सांगते. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्यांच्याच मजूर खात्याखाली होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सरकारी इमारती, त्यांचे बांधकाम, तेथील नोकरवर्ग यांचा जाब मध्यवर्ती विधिमंडळात त्यांना द्यावा लागे. ती प्रश्नोत्तरे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात आहेत. विहाराच्या वाचनालयात तो खंड असेल तर जरूर उघडून पाहावा.

बाबासाहेब नुसते उत्तर देत बसले नाहीत. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात आकडे होते. आय.सी.एस.च्या १०५६ अधिकाऱ्यांत अस्पृश्य समाजाचा अधिकारी फक्त एक! याच रेट्यातून १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत प्रथमच आपल्यासाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. १९७० साली हे प्रमाण १५ टक्के झाले. आज आपल्या घरातले कोणी पोस्टात, रेल्वेत, बँकेत असेल तर त्याच्या नेमणुकीच्या कागदामागे तो एक आकडा उभा आहे.

त्या काळी विधिमंडळ सरकारला प्रश्न विचारू शकत होते, पण खुर्चीवरून खाली खेचू शकत नव्हते. १९५० च्या राज्यघटनेने मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार केले. म्हणजे आपला अधिकार वाढला. वापर मात्र वाढला का?

संघाची परंपरा

जाब विचारणे म्हणजे कुणाचा अपमान करणे नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की संसदीय कामकाजाचे नियम भिक्खुसंघाला माहीत होते. ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे संघात होते. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त या भिक्खूंची कथा आहे. आलेल्या भिक्खूंना निवास व भोजन नेमून देण्याचे काम संघाने त्यांच्यावर सोपविले होते. आपल्याला चांगले मिळाले नाही म्हणून काही भिक्खूंनी त्यांच्यावर खोटा आरोप रचला. भगवंतांनी तो झाकून ठेवला नाही. संघासमोर विचारणा झाली आणि दब्ब निर्दोष ठरले. उघड चौकशीने चोर सापडतो तसा प्रामाणिक माणूसही वाचतो.

जाब कसा विचारला जातो?

लोकसभेत दररोज २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि २३० अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासाठी घेतले जातात. तारांकित प्रश्नावर सदस्याला उपप्रश्न विचारता येतो. मंत्री कित्येकदा सांगतात, "माहिती गोळा करण्यात येत आहे." ऐकणाऱ्याला वाटते, सुटले बुवा! पण सुटत नाहीत. ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदवले जाते आणि तीन महिन्यांत ते पुरे करावे लागते. मुदतवाढ मागावी लागते, तीही कारण देऊन. यावर लक्ष ठेवणारी सरकारी आश्वासन समिती १९५३ साली सभापती मावळणकरांच्या काळात स्थापन झाली.

दुसरी लोकलेखा समिती. तिच्यात २२ सदस्य, मंत्री एकही नाही, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असा संकेत आहे. महालेखापरीक्षकांचे अहवाल ती तपासते. इमारत बांधून कुलूपबंद का पडली, पैसा वर्षअखेरीस परत का गेला, हे खात्याच्या सचिवाला तिच्यासमोर येऊन सांगावे लागते. महालेखापरीक्षकाला बाबासाहेब राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानत, ते उगाच नव्हे.

तिसरी अनुसूचित जाती व जमाती कल्याण समिती. ती १९६८ साली प्रथम नेमली गेली. लोकसभेचे २० आणि राज्यसभेचे १० सदस्य तिच्यावर असतात. नोकरभरती, बढती, अनुशेष हा तिचा खास विषय. ती दौऱ्यावर निघाली की भल्याभल्या कार्यालयांतील बिंदुनामावल्या रातोरात पूर्ण होतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आपण काय करावे?

समिती आकाशातून माहिती आणत नाही. "आमच्यावर अन्याय होतो" एवढेच लिहिलेला अर्ज फायलीत झोपतो. "अमुक कार्यालयात मंजूर पदे इतकी, भरलेली इतकी, अनुशेष इतका, अमुक क्वार्टर्सची शेवटची दुरुस्ती अमुक साली," असे लिहिलेला अर्ज अधिकाऱ्याची झोप उडवतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे आकडे मागता येतात. ते घेऊन खासदाराकडे जावे, मग खासदार कोणत्याही पक्षाचा असो. विषय राज्य सरकारच्या वसतिगृहाचा असेल तर आमदाराकडे जावे. विधिमंडळातही अशाच समित्या आहेत. प्रत्येक विहारात जयंतीच्या वर्गणीच्या वहीशेजारी अशी एक माहितीची वही असावी. पदवी घेऊन घरी बसलेल्या आपल्या मुला-मुलींकडे ती सोपवावी.

त्या प्रश्नाचे पुढे काय झाले? आम्ही खरी माहिती पाठवली. ती पाठवू नये असे सुचवणारे होते. त्यांना आम्ही जुनी नोंदवहीच समोर ठेवून दाखवली. सभागृहातील उत्तरात आमचे कार्यालय एका बेरजेत मिसळून गेले. पण नंतर संपर्क अधिकारी तपासणीला आले, बिंदुनामावली पूर्ण झाली, अनुशेषातील दोन पदांची जाहिरात निघाली. क्वार्टर्सचे अंदाजपत्रक पुढच्या आर्थिक वर्षी मंजूर झाले. मावशींचे यजमान मात्र त्याआधीच निवृत्त झाले. क्वार्टर सोडून त्या गावी गेल्या. कोरड्या छताखाली आज दुसऱ्याच कुणाची लेकरे अभ्यास करतात.

तीही आपलीच आहेत. परंतु मावशींचा प्रश्न चार वर्षे आधी कुणी विचारला असता तर? ही चार वर्षे खात्याने जशी गमावली, तशी गप्प बसून आपणही गमावली.

जयभीम!