रेझिनचा हिशेब

बंगळुरूत समुद्र नाही. लाटांवर स्वार व्हायचं वेड लागलेली इथली तरुण मंडळी शुक्रवारी रात्री मंगळूरकडच्या बसमध्ये बसतात आणि सकाळी मुल्कीला उतरतात. २००४ साली सुरू झालेला मंत्र सर्फ क्लब तिथलाच. किनाऱ्यावर ठेवलेली सर्फची फळी पहिल्यांदा उचलणारा माणूस दचकतो, कारण माणसापेक्षा लांब असलेली ती वस्तू काखेत सहज मावते. आत फोम, त्यावर काचतंतूंचं कापड आणि कापडात मुरवलेलं रेझिन, एवढाच सगळा ऐवज. हीच कला समुद्रापासून दूर, बंगळुरूत कुठे सापडेल म्हणून शोधत निघालं, तर रस्ता विमानाशी जाऊन थांबतो. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, म्हणजे ‘एनएएल’, ही सरकारी प्रयोगशाळा आहे. ‘हंसा’ हे दोन आसनी विमान तिथे घडलं आणि त्याचं अंग त्याच तीन गोष्टींच्या घराण्यातलं आहे.

संस्थेचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. १९५९ साली स्थापना, मग बंगळुरूत मुक्काम, वाऱ्याचे बोगदे, तेजस या लढाऊ विमानाच्या कार्बन भागांत मोठा वाटा. त्यापेक्षा रंजक आहे तो फळी आणि विमान यांचा एकमेकांच्या घरी चाललेला जुना राबता.

हवाईत लाकडाच्या अखंड फळ्या होत्या. १९३०च्या सुमारास टॉम ब्लेकने फळी आतून पोकळ केली आणि विमानाच्या पंखात असतात तशा आडव्या फासळ्या बसवल्या. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यांत काचतंतू आणि रेझिन आलं, आणि युद्ध संपताच कॅलिफोर्नियातल्या फळीवाल्यांनी ते उचललं. डग्लस विमान कंपनीत काम केलेला बॉब सिमन्स १९४९च्या आसपास फोमच्या गाभ्यावर प्लायवूड आणि काचतंतू चढवून फळ्या करत होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे ठोकळे साच्यात ओतायला सुरुवात केली आणि बाल्सा लाकूड मागे पडलं. पुढे १९७०च्या दशकात त्याच कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात बर्ट रुटानने फोम कापून, वर काचतंतू चढवून घरच्या गॅरेजमध्ये बनवता येतील अशी विमानं आखली. त्यांतल्या लाँग-ईझीचा आराखडा घेऊन एनएएलने १९८०च्या दशकात आपलं हलकं संशोधन-विमान बांधलं. बंगळुरूच्या लोकांनी हात बसवला तो या विमानावर.

रुटानच्या पद्धतीत पंख कापायचा कसा, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. गणपतीची थर्मोकोलची मखरं कापणारे कारागीर तापलेली तार वापरायचे, तीच ही तार. फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे फर्मे ठोकतात आणि दोघं जण तारेची दोन टोकं धरून ती फर्म्यावरून ओढतात. पंख टोकाकडे निमुळता असतो. मोठ्या फर्म्याजवळच्या माणसाला जास्त अंतर कापायचं असतं, छोट्याजवळच्याला कमी, आणि तरी दोघांनी एकाच वेळी पोहोचायला हवं. म्हणून दोन्ही फर्म्यांवर सारखेच आकडे लिहिलेले असतात. एक जण मोठ्याने म्हणतो, ‘बारा’, आणि दोघांची तार बारावर असते. घाई केली की तार मधोमध मागे रेंगाळते, तिला बाक येतो आणि पंखाच्या पुढच्या गोलाईत खड्डा पडतो. हा खड्डा भरता येतो, पण भरणाचं वजन पंखाने जन्मभर वाहायचं.

फोम निवडतानाही चूक चालत नाही. सर्फच्या फळीवर पूर्वापार वापरलं जाणारं पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोलच्या जातीच्या फोमवर ओतलं, तर फोम डोळ्यांदेखत विरघळतो. तिथे इपॉक्सीच लागतं. उलट पॉलियुरेथेनला तापलेली तार लावली तर विषारी धूर निघतो, म्हणून फळीवाले तो रंध्याने आणि पॉलिश पेपरने घडवतात.

हंसामध्ये पंखभर फोम नाही. साच्यात काचतंतू आणि कार्बनचे थर, मध्ये फोमचा पातळ पत्रा, पुन्हा थर, अशी ती रचना. पण काम तसंच हाताचं. इपॉक्सीत हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं. एकाच पेल्यात जास्त मिश्रण केलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरकटतं आणि फुकट जातं. कापड अंथरायचं ते ठरलेल्या कोनात. पिळाचा ताण झेलायचा असेल तिथे तिरकं, ४५ अंशांत. मग ब्रश, रोलर आणि रबरी पट्टी. कोरडं कापड पांढरं दिसतं. रेझिन मुरलं की ते पारदर्शक होतं आणि खालचा थर दिसू लागतो. पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा अडकली आहे. चकचकीत डबकं दिसलं तर रेझिन जास्त झालं आहे. दोन्हींच्या मधली ती ओलसर, मंद झाक ओळखायला कारागिराला काही महिने लागतात.

जास्तीच्या रेझिनने ताकद वाढत नाही, वजन वाढतं. हंसाच्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस मीटर. वरची-खालची बाजू धरली तर पंचवीस. पट्टी जरा हलकी फिरली आणि चौरस मीटरमागे १०० ग्रॅम जादा राहिलं, तर अडीच किलो वाढले. आतलं आणि बाहेरचं अशी दोन कवचं मोजली तर पाच. ज्या युरोपीय नियमावलीखाली हे विमान प्रमाणित झालं, त्यात वजनाची मर्यादा ७५० किलो आहे. इंजिन, इंधन, शिक्षक आणि विद्यार्थी सगळे त्यातच. तेजसच्या भागांसाठी रेझिन आधीच मोजून मुरवलेलं कापड शीतगृहात ठेवतात आणि दाबाच्या भट्टीत भाजतात. छोट्या विमानाला ते परवडत नाही. तिथे हिशेब मनगटाने करायचा असतो, आणि ही मनगटं या लेखाला विमानाइतकीच मोलाची वाटतात.

अडचणीही तिथूनच सुरू होतात. ॲल्युमिनियमचा पत्रा गिरणीतून प्रमाणपत्र घेऊन येतो. इथे मात्र पदार्थ आणि भाग एकाच वेळी, एकाच टेबलावर जन्माला येतात, त्यामुळे प्रत्येक पाळीचं काम नव्याने सिद्ध करावं लागतं. नाणं टकटकवून आवाज ऐकायचा: टणक आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळी. नमुन्याच्या पट्ट्या उष्ण आणि दमट हवेत ठेवून तोडून बघायच्या. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी कडक उन्हात नरम पडू शकतं, म्हणून अशी विमानं पांढरी रंगवतात. बंद गाडीत विसरलेल्या सर्फबोर्डाचं कवच सुटतं, त्यामागेही उष्णताच असते.

हंसा १९९३ साली पहिल्यांदा उडालं. हंसा-३ला २००० साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता मिळाली. नंतर बनली ती डझनभराच्या आसपास; काही फ्लाइंग क्लबांकडे गेली, एक आयआयटी कानपूरला. तिथेच गाडी थांबली. देशात वैमानिकांची मागणी वाढत असताना शिकाऊ विमानं बाहेरून येत राहिली. प्रयोगशाळेचं काम नमुना करून दाखवणं. शेकड्याने विमानं काढायला कारखाना, सुटे भाग, दुरुस्तीचं जाळं आणि धीर धरणारं भांडवल लागतं. ते वेळेवर उभं राहिलं नाही, आणि त्या वीस वर्षांत शिकलेले हात निवृत्त होत गेले. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

सुधारित हंसा-एनजी ३ सप्टेंबर २०२१ रोजी उडालं. फेब्रुवारी २०२२मध्ये ते पुद्दुचेरीला नेलं, कारण बंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ. समुद्रसपाटीवरची वागणूक समुद्रकाठीच तपासावी लागते. २०२५ साली उत्पादनासाठी मुंबईच्या पायोनियर क्लीन अँप्स या कंपनीची निवड झाली. आराखडे, साचे आणि चाचण्यांचे कागद हस्तांतरित करता येतात. ओलसर कापडाची ती मंद झाक ओळखणारी नजर मात्र कागदावर देता येत नाही. नव्या कारखान्यात पहिली तुकडी कुणाच्या शेजारी उभी राहून शिकते, यावर पहिल्या शंभर विमानांचं वजन ठरेल.

हाताने थर चढवणाऱ्या कार्यशाळांत एक साधी रीत असते. प्रत्येक पेल्यात थोडं रेझिन मुद्दाम मागे ठेवायचं आणि पेले ओळीने मांडून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर काम सुरू करायच्या आधी त्यांच्यावर अंगठ्याचं नख दाबून बघतो. नख उमटलं, तर काल त्या पेल्यातून अंथरलेला थर कुठे गेला ते वहीत शोधतात आणि तो भाग बाजूला काढतात.