शोधली झाशी, सापडली काशी!

वेबसाइट कितीही देखणी असो, तिला तुमच्या गावाचं नावच ओळखता आलं नाही तर तिचा उपयोग काय? वेब डिझाइन करणाऱ्यांना एका ऐतिहासिक शहराने घातलेलं हे कोडं...

झाशी हे नाव ऐकलं नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. शहर उत्तर प्रदेशात, पण नेवाळकरांची गादी तिथली, राणी लक्ष्मीबाई आपली. मुंबईहून निघणारी पंजाब मेल आणि पुण्याहून निघणारी झेलम एक्स्प्रेस, दोन्ही गाड्या झाशीवरूनच पुढे उत्तरेकडे जातात. तेव्हा झाशीला जाणं काही अवघड नाही. मात्र कॉम्प्युटरला 'झाशी' म्हणजे नेमकं कोणतं गाव हे समजावून सांगणं बरंच अवघड आहे!

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? नाव टाइप केलं, बटण दाबलं, झालं. पण हे इतकं सरळ नाही. घरोघरी तिकिटं, बँका, शाळाप्रवेश आणि दवाखान्याच्या वेळा मोबाइलवर आल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता फक्त इंजिनियर मंडळींचा राहिलेला नाही. तो घरातल्या आजीचाही झाला आहे.

स्टेशनची पाटी बदलली, पुढे काय?

डिसेंबर २०२१ मध्ये झाशी स्टेशनचं नाव बदलून ते राणी लक्ष्मीबाईंच्या नावे करण्यात आलं. नाव बदललं तसा रेल्वेचा सांकेतिक कोडही बदलला. वर्षानुवर्षं प्रवाशांच्या तोंडी असलेला 'जेएचएस' गेला आणि 'व्हीजीएलबी' आला. पुढे नावात 'झाशी' पुन्हा आलं, स्टेशन 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' झालं आणि कोड झाला 'व्हीजीएलजे'.

राणीच्या नावाचा मान मोठाच. पण पडद्यामागे काय घडतं ते पाहा. रेल्वेचं कॉम्प्युटर आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू झालं. हे काम सांभाळणारी 'क्रिस' ही रेल्वेची संस्था १९८६ साली स्थापन झाली आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये घरबसल्या इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय आली. या साऱ्या यंत्रणेत स्टेशन ओळखलं जातं ते कोडवरून. वेळापत्रक, भाडं, शिल्लक जागा, सगळं त्या तीन-चार अक्षरांना बांधलेलं. रेल्वेच्या यंत्रणेत कोड बदलला, तरी गाड्यांची माहिती देणाऱ्या इतर वेबसाइटनी आणि अ‍ॅपनी आपापल्या याद्या बदलायच्या राहतातच. ज्याने बदलली नाही, त्याच्याकडे जुनं नाव शोधणाऱ्याला नवं स्टेशन दिसत नाही आणि नवं शोधणाऱ्याला जुनं.

शिवाय इंग्रजी स्पेलिंगचा घोळ आहेच. 'वीरांगना' लिहिताना दोन 'ई' लावायचे की एक 'आय'? 'लक्ष्मी'मधला 'क्ष' एक्सने लिहायचा की के-एस-एचने? माणूस दोन्ही वाचून एकच अर्थ लावतो. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं असतात.

हे एकट्या झाशीचं दुखणं नाही. मुंबईचं व्हीटी १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला. २०१८ साली मुगलसरायचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झालं, तर २०२० साली अलाहाबाद स्टेशनचं प्रयागराज. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जाणत्या मंडळींचा एक जुना नियम आहे. जे लोकांना दिसतं ते नाव कितीही वेळा बदलू द्या, पण आत ओळख पटवण्यासाठी असा क्रमांक ठेवा, की जो कधीच बदलावा लागणार नाही. आणि जुनी नावं पुसून टाकू नका, ती नव्या नावाला जोडून ठेवा.

एक शहर, चार रूपं

इंग्रजीचा त्रास नको म्हणून आपण देवनागरीत लिहायचं ठरवलं, तर कोडं सुटेल? उलट आणखी गुंततं!

मराठीत आपण 'झाशी' लिहितो. हिंदीत 'झाँसी' किंवा 'झांसी' लिहितात. आपल्याच जुन्या पुस्तकांत 'झांशी' सापडते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली राणीचं मराठी चरित्र प्रसिद्ध केलं, ते या जुन्या लेखनाच्या काळातलं. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि 'झांशी'ची 'झाशी' झाली.

आता कॉम्प्युटरच्या डोक्यात शिरून पाहू. त्याला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात 'झ'चा क्रमांक २३३३, काना २३६६, 'श' २३५८ आणि दीर्घ वेलांटी २३६८. म्हणजे आपली 'झाशी' झाली चार आकड्यांची. हिंदीतल्या 'झाँसी'त चंद्रबिंदूचा २३०५ वाढतो आणि 'श'च्या जागी 'स'चा २३६० येतो. आकडे वेगळे म्हणजे शब्द वेगळा. शोधणाऱ्याला उत्तर मिळतं: 'माहिती उपलब्ध नाही.'

यावर तोडगा म्हणून प्रोग्रॅमर एक युक्ती वापरतात. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात ते मोजायचं आणि सर्वांत जवळचा शब्द सुचवायचा. व्लादिमिर लेव्हनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली हे माप मांडलं. चुकीचं टाइप केलेला शब्द दुरुस्त करताना ते फार उपयोगी पडतं.

ते झाशीला लावून बघा. 'झाशी'ची 'झाँसी' करायला दोन बदल लागतात. 'झाशी'ची 'काशी' करायला फक्त एक! 'माशी' आणि 'राशी'ही तितक्याच जवळ. म्हणजे निव्वळ मोजमापावर विसंबलेली वेबसाइट झाशी विचारणाऱ्याला खुशाल काशीला पाठवून देईल. मणिकर्णिकेचा जन्म काशीचा हे खरं, पण प्रवाशाला माहेर नको असतं, सासरचं स्टेशन हवं असतं!

कानपूरहून पुण्याला

देवनागरी पडद्यावर आली तीच मुळी सहजासहजी नाही. त्या कामाची एक मोठी पायरी झाशीपासून फार दूर नसलेल्या कानपूरच्या आयआयटीत रचली गेली. तिथे तयार झालेला देवनागरी कॉम्प्युटर १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात दाखवण्यात आला. त्या कामात मोहन तांबे हे मराठी इंजिनियर होते. पुढे 'जिस्ट' या नावाने हे तंत्र पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या 'सी-डॅक'मध्ये वाढलं. भारतीय लिप्यांसाठी तेव्हा ठरलेली अक्षरांची मांडणीच पुढे युनिकोडमधल्या देवनागरीचा पाया ठरली.

तरीही इंटरनेटच्या पहिल्या काही वर्षांत मराठी वेबसाइट आपापला खास फॉन्ट वापरत. तो फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नसला की पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा पडे, आणि त्या मजकुरात शोध घेणं तर अशक्यच. युनिकोडने तो अडसर दूर केला. आज मुंबईच्या 'एक टाइप'सारख्या संस्थेने घडवलेले 'मुक्ता'सारखे सुबक देवनागरी फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतात. पान कोणत्या भाषेतलं आहे हे त्यात नोंदवलं, तर तशी सोय असलेला फॉन्ट 'श' आणि 'ल' मराठी वळणाचे दाखवतो.

म्हणजे पान दिसायला सुंदर झालं. पण समजूतदार झालं का?

यंत्राला शिकवायचं कोणी?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा जमाना आहे. साध्या वाक्यात सांगितलं की वेबसाइटचा प्रोग्रॅमही यंत्रच लिहून देतं. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'भाषिणी' हा भारतीय भाषांसाठीचा उपक्रम सुरू केला. मद्रास आयआयटीतल्या 'एआयफॉरभारत' या गटाने रोमन अक्षरांतली नावं भारतीय लिप्यांत नेण्यासाठी लक्षावधी शब्दजोड्या सर्वांना खुल्या केल्या आहेत. मोठी सर्च इंजिनं आज 'झाशी' आणि 'झाँसी' एकच असल्याचं सहज ओळखतात.

अडतं ते लहान ठिकाणी. कॉलेजचा प्रवेशअर्ज, कुरियरचा पत्ता, दवाखान्याची नोंदणी, सोसायटीची यादी. यांच्या वेबसाइट घाईत आणि स्वस्तात बनतात. तिथे 'काळे' इंग्रजीतून पुन्हा देवनागरीत येताना 'काले' होऊ शकतात आणि 'नेवाळकर' यांचे 'नेवालकर'. कारण रोमन लिपीत 'ळ'साठी वेगळं अक्षर नाही. दोन कागदांवर दोन नावं आली, की हेलपाटे माणसाला घालावे लागतात, यंत्राला नाही.

यावरचा उपाय मात्र अगदी साधा आणि जुना आहे. प्रत्येक नावापुढे त्याच्या साऱ्या रूपांची यादी ठेवायची. झाशी, झांशी, झाँसी, झांसी, जुना कोड, नवा कोड, सगळे एकाच गावाच्या खात्यात. ही यादी करायला महागडं यंत्र लागत नाही. ते गाव आणि ती भाषा जाणणारा माणूस लागतो. तिथेच बहुतेक वेळा काटकसर केली जाते.

तुम्ही काय करू शकता?

पुष्कळ काही! तुमच्या दुकानाची, शाळेची किंवा मंडळाची वेबसाइट बनवून घेत असाल तर बनवणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारा. मजकूर युनिकोडमध्येच आहे ना? नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलं तरी सापडेल ना? आणि नाव सापडलं नाही, तर वेबसाइट नुसती 'नाही' म्हणेल की जवळची दोन-चार नावं दाखवून 'यांपैकी कोणतं?' असं विचारेल? रंग आणि चित्रं कोणती हवीत, ते नंतर ठरवता येईल.

घरातल्या कागदपत्रांवर नाव कसं लिहायचं ते एकदा ठरवा आणि इंग्रजी व देवनागरी दोन्हींत सगळीकडे तसंच ठेवा. मुलांना मोबाइलवर देवनागरीत लिहायची सवय लावा. आणि थोडा वेळ असेल तर २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात हात घाला. तिथे गावाच्या जुन्या किंवा वेगळ्या नावावरून योग्य लेखाकडे नेणारं पुनर्निर्देशन कोणालाही करता येतं. 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशात तर एकाच गावाचं मराठी नाव वेगळं आणि हिंदी नाव वेगळं नोंदवायची सोय आहे.

तुमच्या आजोळच्या गावाला लोक कोणकोणत्या नावांनी हाक मारतात, हे तुमच्याइतकं कोणत्या प्रोग्रॅमरला ठाऊक असणार? सुरुवात त्याच गावापासून करा.