स्पायरल बाइंडिंगचं कोटेशन कोण वाचतं?

सोसायटीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशन मागवली की त्यातलं एक हमखास स्पायरल बाइंडिंग करून येतं. सुरुवातीची पाच-सहा पानं कंपनीचा इतिहास, प्रमाणपत्रं, मालकांचा फोटो.

कोटेशन जितकं जाड तितका ठेकेदार मातब्बर, हा गैरसमज फक्त लिहिणाऱ्याचा. कमिटीची मीटिंग रात्री नऊला बसते, पार्किंगचं भांडण आधी निस्तरायचं असतं आणि सेक्रेटरी पानं उलटत थेट आकड्यावर जातो. म्हणून काम काय, किती दिवसांत आणि एकूण पैसे किती, हे पहिल्याच पानावर हवं. ओळख मागे गेली तरी चालते. त्यातही, जाऊन बघता येतील अशा दोन-तीन गच्च्यांचे पत्ते प्रमाणपत्रांपेक्षा कामाचे.

‘आधी छाप पाडू, मग आकडा सांगू’ हाही असाच समज. शोधायला लागणाऱ्या आकड्याचा संशय येतो. बारीक अक्षरातलं ‘कर अतिरिक्त’ तर त्याहून वाईट. अशा कामावर १८ टक्के जीएसटी लागतो. ६ लाखांवर १ लाख ८ हजार. सभेनं ६ लाख मंजूर केले आणि बिल ७ लाख ८ हजारांचं आलं, की सभासदांची बोलणी सेक्रेटरीनं खायची. पुढचं काम तो तुम्हाला कशाला देईल?

भारदस्त भाषेचं म्हणाल तर हे वाक्य बघा : ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान व सर्वोत्तम दर्जाचे साहित्य वापरून गळतीचे समूळ उच्चाटन करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.’ यात काम कुठे आहे? आता हे : ‘जुना कोबा फोडून राडारोडा आम्ही उचलू. पाइपाकडे उतार देऊन नवा ब्रिकबॅट कोबा घालू. मग गच्चीवर ७२ तास पाणी साठवून खालच्या फ्लॅटचं छत तुमच्यासमोर तपासू.’ शब्द वाढले, तरी हेच वाचायला सोपं. कारण राडारोडा कोण उचलणार, हा वाद इथेच मिटला.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे आटोपशीर लिहायचं तर अटी गाळायच्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपताच प्रस्ताव रद्द होतो. दिली नसेल तर ‘वाजवी काळ’ गेल्यावर. वाजवी म्हणजे किती, यावर मग वाद घालत बसायचं. तोवर सिमेंटचा भाव वाढलेला असतो. ‘हा दर ३० दिवसांसाठी’ ही एक ओळ लिहायला काय जातं? स्वीकृतीही याच कायद्यानं बिनशर्त लागते. कमिटीनं ‘मंजूर, पण ५ टक्के कमी करा’ असं कळवलं, तर ती मंजुरी धरत नाहीत. तो त्यांचा नवा प्रस्ताव ठरतो. तरी अशा मंजुरीच्या भरवशावर माल उतरवणारे ठेकेदार असतात. सवलतीची रक्कम, हप्ते आणि वॉरंटीतून काय वगळलं, हे दुसऱ्या पानावर सहज मावतं.

सरकारी टेंडरचं मात्र वेगळं. तिथे बहुधा तांत्रिक आणि आर्थिक लिफाफे वेगळे असतात, आणि तांत्रिक लिफाफ्यात दर लिहिला तर बोली बाद होऊ शकते. तिथे आपली अक्कल न चालवता त्यांचा नमुना जसाच्या तसा भरायचा, मग तो चाळीस पानांचा का असेना.